‘उद्या नक्की निघतो, मॅडम’: व्हेंडरची तारीख पुन्हा पुन्हा हुकते तेव्हा

पर्चेसमध्ये नव्याने लागलेली मुलं-मुली मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. व्हेंडर सोमवारी ‘उद्या’ म्हणतो, मंगळवारीही ‘उद्या’ म्हणतो, बुधवारी फोन उचलत नाही. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये प्लँट हेड सगळ्यांसमोर विचारतात, ‘तुमचा फॉलोअप आहे की नाही?’ फॉलोअप तर रोज चालू असतो. मग माल का येत नाही?

मी बोलतेय ते भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज अशा एमआयडीसीतल्या खरेदीबद्दल. समोरचा व्हेंडर छोटा आहे. दोन-चार सीएनसी, एखादी व्हीएमसी (दोन्ही संगणकावर चालणाऱ्या, धातू कापणाऱ्या मशिन), मालक स्वतः सेटिंगला उभा, बिलं त्याची बायको किंवा भाऊ बघतो. आपल्याला लागतात ब्रॅकेट, शाफ्ट, बुश, शीट मेटलचे कव्हर. रक्कम मोठी नसते, पण एक बुश आला नाही तरी असेंब्ली थांबते. या कामात तोच व्हेंडर तीन-चार वेळा हुकला, तर पुढे काय करायचं ते लिहितेय.

आधी माल कुठे आहे ते शोधा

‘माल कधी देताय?’ हा प्रश्न विचारणं बंद करा. त्याचं उत्तर ‘उद्या’च येणार. ज्याला नक्की माहीत नाही तो माणूस समोरच्याला बरं वाटेल ते बोलतो, आणि बहुतेक वेळा व्हेंडरला खरोखरच माहीत नसतं. त्याच्या हातात फक्त मशिनिंग आहे. पुढचं हीट ट्रीटमेंट (भट्टीत तापवून पार्ट कडक करणं) आणि प्लेटिंग (वर झिंकसारखा मुलामा देणं) तो बाहेरून करून घेतो. हीट ट्रीटमेंटवाला भट्टीचा चार्ज, म्हणजे एका वेळी भट्टीत जाणारा माल, पूर्ण भरल्याशिवाय भट्टी लावत नाही, आणि एका चार्जमध्ये सारख्याच ग्रेडचा माल घालतो. आपले दोनशे नग त्याच्या रॅकवर दुसऱ्या कुणाच्या मालाची वाट बघत पडून राहतात. प्लेटिंगलाही तेच. त्यात पार्ट जास्त कडक केलेले असतील तर झिंक प्लेटिंगनंतर लगेच बेकिंग करावं लागतं. पार्ट काही तास भट्टीत ठेवले नाहीत, तर आत शिरलेल्या हायड्रोजनमुळे ते पुढे लोड आल्यावर तडकू शकतात. ‘जरा लवकर काढा’ असा दबाव टाकताना नेमकी हीच पायरी गाळली जाण्याची भीती असते, म्हणून ड्रॉइंगवर बेकिंग लिहिलेलं असेल तर त्याचा रिपोर्ट मागितल्याशिवाय घाई करू नका.

तारखेऐवजी मालाची जागा विचारा. बार (कच्च्या मालाची सळई) आला का? कटिंग झालं का? पहिल्या सेटअपचे किती नग उतरले? आत्ता माल तुमच्या शेडमध्ये आहे की प्लेटिंगला? प्लेटिंगला गेला असेल तर कोणत्या चलनावर (मालासोबत जाणाऱ्या कागदावर), किती नग? या प्रश्नांना ‘उद्या’ हे उत्तर बसतच नाही, आकडा किंवा जागाच सांगावी लागते. ट्रेमधल्या मालाचा फोटोही मागा. ज्याचं काम सुरू आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. संध्याकाळपर्यंत फोटो आला नाही, तर काम मशीनवर लागलेलंच नाही असं मी धरते आणि त्याच दिवशी पुढची पावलं उचलते.

फोनवर असं बोला

एक नमुना देते. पीओ (पर्चेस ऑर्डर) चारशे ब्रॅकेटची आहे आणि तारीख उलटून गेलेली आहे.

‘नमस्कार साहेब. ब्रॅकेटच्या पीओबद्दल बोलायचंय, चारशे नगांची. आत्ता माल कुठल्या ऑपरेशनला आहे?’

‘मॅडम, उद्या निघतोच आहे.’

‘बरं. म्हणजे प्लेटिंगहून परत आलाय?’

‘प्लेटिंगला आज पाठवतोय.’

‘आज किती नग जातायत?’

‘अडीचशे तयार आहेत. बाकीचे मशीनवर आहेत.’

‘प्लेटिंगवाला अडीचशे परत कधी देतो?’

‘दोन दिवस घेतो तो.’

‘म्हणजे शुक्रवारी सकाळी अडीचशे नग आमच्या गेटवर. उरलेले दीडशे सोमवारी जमतील?’

‘सोमवार… मंगळवार धरा ना.’

‘मंगळवार धरते. शुक्रवारचं मात्र हलवता येणार नाही, त्या दिवशी दुपारी लाइनला दोनशे लागतात. मी हेच व्हॉट्सॲपवर टाकते, तुम्ही खाली “ठीक आहे” एवढं लिहा.’

यात कुणी आवाज चढवला नाही, कुणी कुणाला खोटारडा म्हटलं नाही. ‘उद्या’चे शुक्रवार आणि मंगळवार झाले, आणि ते व्हेंडरच्याच तोंडून आले. आपण सांगितलेली तारीख तो ऐकून घेतो, स्वतः हिशेब करून सांगितलेली पाळायचा प्रयत्न करतो. मंगळवार कबूल करून शुक्रवार धरून ठेवला, हेही बघा. प्रत्येक गोष्टीवर अडून बसलात तर खरी अडचण कुठली ते त्याला कळत नाही. एक गोष्ट घट्ट धरायची, दुसरी सोडायची, आणि जी धरली तिचं कारण सांगायचं.

‘सॉरी, परत त्रास देतेय’ अशी सुरुवात करू नका. ठरलेल्या मालाबद्दल विचारणं हे आपलं काम आहे. समोरचा वयाने वडिलांएवढा असेल तर ‘साहेब’ किंवा ‘काका’ म्हणा, नमस्कार करा, तब्येत विचारा, आणि मग नगांचा आकडा मागाच. मान देणं आणि आकडा मागणं ही दोन्ही कामं एकाच फोनमध्ये होतात. नव्या मुलींना अनेकदा सुचवलं जातं की ‘तुमच्या साहेबांना फोन द्या’. त्यावर रागवायची गरज नाही. ‘ही पीओ मीच बघते साहेब, माझ्याशीच बोला’ एवढं शांतपणे म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा. मात्र तुमच्या साहेबांनीही नंतर परस्पर व्हेंडरला फोन करून वेगळी तारीख ठरवता कामा नये. तसं एकदा जरी झालं, तरी तुमच्या शब्दाला पुढचे सहा महिने वजन राहत नाही. ही गोष्ट साहेबांना आधीच, एकांतात सांगून ठेवा.

प्रश्न विचारल्यावर थांबायलाही शिका. समोरून दोन-तीन सेकंद काही आलं नाही की आपण घाबरून स्वतःच ‘चालेल, उद्यापर्यंत दिलं तरी चालेल’ असं म्हणून मोकळे होतो. तेवढ्या वेळात तो खरा हिशेब करत असतो. त्याला तो पूर्ण करू द्या.

लगेच लिहून ठेवा

फोन ठेवला की पाच मिनिटांच्या आत मेसेज गेला पाहिजे. एवढा पुरतो:

‘नमस्कार साहेब, आत्ताच्या बोलण्याप्रमाणे ब्रॅकेटचे 250 नग शुक्रवारी सकाळी 11 पर्यंत आणि 150 नग मंगळवारी संध्याकाळपर्यंत आमच्या स्टोअरला. सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट. काही बदल होणार असेल तर गुरुवारी दुपारी 4 च्या आत कळवावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे व्हेंडर माल यायच्या वेळेलाच अडचण सांगतो, कारण आधी सांगितलं तर ओरडा बसतो अशी त्याला सवय झालेली असते. अडचण सांगायलाही वेळ ठरवून दिली, आणि त्याने वेळेत सांगितल्यावर खरंच ओरडला नाहीत, तर महिन्या-दोन महिन्यांत तो स्वतःहून फोन करायला लागतो. बातमी वाईट असली तरी एक दिवस आधी कळली तर प्लॅन बदलता येतो.

लिहिण्याचं एक कायदेशीर कारणही आहे आणि पर्चेसमध्ये ते फार थोड्यांना माहीत असतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 प्रमाणे, ज्या करारात वेळ हाच मुख्य मुद्दा आहे तिथे उशिरा आलेला माल आपण स्वीकारला, तर उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच ‘आम्ही भरपाई मागणार आहोत’ अशी नोटीस दिलेली असेल तरच मागता येते. सहा वेळा उशिरा आलेला माल गुपचूप स्टोअरला इनवर्ड (जमा) केला आणि सातव्या वेळी पीओतलं ‘लेट डिलिव्हरी’चं कलम काढून दाखवलं, तर ते टिकवणं अवघड जातं. म्हणून महत्त्वाच्या पीओवर तारीखच महत्त्वाची आहे हे स्पष्ट लिहा, आणि उशिरा माल घेताना एक ओळीचा ईमेल टाका: ‘माल उशिरा आला आहे, पीओतील अटींनुसार आमचे हक्क राखून स्वीकारत आहोत.’ दंडाचा आकडा पीओत लिहिलाय म्हणून तेवढी रक्कम आपोआप मिळते असंही नाही. कलम 74 प्रमाणे तो आकडा कमाल मर्यादा असतो, मिळते ती वाजवी भरपाई.

एवढ्यासाठी कुणी कोर्टात जावं असं मला वाटत नाही, छोट्या व्हेंडरबरोबर तर नाहीच. पण कागद नीट असला की बोलताना आपला आवाज कापत नाही, आणि आत्मविश्वासाचा निम्मा भाग मला तरी तोच वाटतो.

खोट आपल्याच घरात असेल तर

हा भाग वाचताना कंपनीतल्या माणसांना राग येतो, पण तोच व्हेंडर दुसऱ्या कंपनीला वेळेवर माल देत असेल तर इथे बघावंच लागेल.

पहिली शंका पैशांची. व्हेंडरकडे मशिन मोजक्या असतात आणि ग्राहक जास्त. कुणाचं सेटिंग आधी लावायचं हे तो रोज सकाळी ठरवतो, आणि जो वेळेवर पैसे देतो त्याचा जॉब आधी चढतो. त्यात वावगं काही नाही, कारण त्याला बारवाल्याला रोख द्यायचे असतात. तेव्हा ‘माल का नाही?’ विचारण्याआधी स्वतःच्या अकाउंट्समध्ये जाऊन त्याची किती बिलं थकली आहेत ते बघा. तुम्ही फोन केल्यावर ‘मॅडम, मागच्या बिलाचं काय झालं?’ असं आलं आणि तुमच्याकडे उत्तर नसेल, तर पुढचं सगळं बोलणं त्याच्या हातात जातं.

इथे कायदाही त्याच्या बाजूने आहे. व्हेंडर उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर छोट्या उद्योगांसाठीच्या 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. पीओवर ‘90 दिवस’ छापलेलं असलं तरी ते चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष 2023-24 पासून या मुदतीबाहेर गेलेली रक्कम आयकरात खर्च म्हणून धरली जाते ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी. अकाउंट्सवाल्यांना व्हेंडरची अडचण सांगून उपयोग होत नसेल, तर हे सांगा. मार्चच्या आधी सांगितलंत तर नक्की ऐकतात.

याच एमएसएमईडी कायद्यात क्वालिटीवाल्यांसाठीही एक अट आहे. मालाबद्दल लेखी हरकत माल आल्यापासून 15 दिवसांत घ्यावी लागते, नाहीतर माल आला त्या दिवसापासूनच पैशांची मुदत मोजली जाते. आपल्याकडे माल स्टोअरमध्ये तीन आठवडे ‘इन्स्पेक्शन पेंडिंग’ पडून असतो, आणि मग रिजेक्शनची डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याचा कागद) जाते. व्हेंडरने तोपर्यंत पुढचा लॉटही त्याच सेटिंगवर काढलेला असतो. म्हणजे चूक दुप्पट झाली आणि त्याला कळलं मात्र शेवटी. रिजेक्शन झालं तर त्याच दिवशी फोटो, मोजमाप आणि ड्रॉइंगवरचं माप असं तिन्ही पाठवा. ‘माल खराब आहे’ एवढ्यावर कुणालाच काही सुधारता येत नाही. ‘बोअर 25.00 ते 25.02 हवा, पाच नग मोजले, 25.04 येतोय’ असं लिहिलं की तो मशीनजवळ जाऊन ऑफसेट (मशीनमध्ये भरलेलं टूलचं माप) बघतो.

ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे सुधारलेली आवृत्ती, हे तिसरं दुखणं. डिझाइनवाले रिव्हिजन सी काढतात, पीओवर बी असते, व्हेंडरच्या मशीनला चिकटवलेली झेरॉक्स ए असते. नवी रिव्हिजन पाठवलीत की ‘जुनी फाडली’ असा निरोप त्याच्याकडून लेखी घ्या. आणि आपण आज पीओ देऊन परवा माल मागत असू, तर उशीर व्हेंडरचा नाही. बार आणणं, कटिंग, सेटिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग यांचे दिवस एकदा त्याच्यासोबत बसून लिहून काढा आणि तो कागद प्लॅनिंगला द्या.

दिनदर्शिका समोर ठेवून बोला

भोसरी-चिंचवडच्या बऱ्याच शेडना गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारची तारीख मागणारा ईमेल म्हणजे शुक्रवारचाच ईमेल. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, त्या दिवशी मशीन बंद आणि ती बंदच असायला हवी. दिवाळीला मराठी कामगार गावी जातात, उत्तर प्रदेश-बिहारचे ऑपरेटर छठ करून परत येतात, म्हणजे दिवाळीनंतरचा एक आठवडा सहज जातो, कधी दोन जातात. होळीला पुन्हा तेच. कोकणातला ऑपरेटर गणपतीला थांबत नाही. हे दरवर्षी घडतं आणि दरवर्षी नोव्हेंबरमध्ये आपण ‘अचानक मनुष्यबळ कमी’ असं मीटिंगमध्ये लिहितो. दसऱ्याच्या आधीच व्हेंडरला विचारून ठेवा: तुमची शेड कधी बंद, कधी उघडणार, आणि उघडल्यावर पहिल्या दिवशी किती माणसं असतील? तेवढा स्टॉक दिवाळीआधी आत घ्या.

मीटिंगमध्ये काय सांगायचं

व्हेंडरशी नीट बोलणारी माणसंही आपल्या साहेबांसमोर गळाठतात. ‘फॉलोअप चालू आहे सर’ या वाक्याने प्लँट हेड चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण त्यात माहिती काहीच नाही. तीन गोष्टी सांगा: आज काय स्थिती आहे, त्याचा लाइनवर कधी आणि किती परिणाम होईल, आणि तुम्हाला कुणाकडून काय हवंय.

‘सर, ब्रॅकेटचे अडीचशे शुक्रवारी सकाळी येतायत, प्लेटिंगचं चलन माझ्याकडे आहे. शनिवारपर्यंत लाइन चालेल. उरलेले दीडशे मंगळवारी येणार, म्हणून सोमवारचा प्लॅन दुसऱ्या मॉडेलवर घ्यावा लागेल. त्यांची दोन बिलं थकली आहेत, ती उद्या सुटली तर मंगळवार मी पक्का करते.’

यावर ओरडायला जागा उरत नाही. आणि शेवटच्या वाक्याने अकाउंट्सच्या माणसाकडे सगळे बघतात, तेव्हा मीटिंगच्या आधी त्याला एकट्याला सांगून ठेवा. भर मीटिंगमध्ये सहकाऱ्याला तोंडघशी पाडलं तर पुढचं बिल आणखी मागे जातं.

माहीत नसेल तर तसं म्हणा. ‘आत्ता नक्की सांगता येत नाही, दोन वाजता सांगते’ आणि दोन वाजता खरंच सांगा. व्हेंडरचा ‘उद्या’ आपण मीटिंगमध्ये जसाच्या तसा पुढे ढकलला, तर तो आपला शब्द होतो.

एवढं करूनही नाही सुधारलं तर

पैसे वेळेवर गेले, ड्रॉइंग बरोबर होती, तारखा त्यानेच दिल्या, आणि तरी सलग तीन लॉट हुकले, तर फोन पुरे झाले. त्याच्या शेडवर जा. मालकाशी ऑफिसात नाही, मशीनजवळ उभं राहून बोला. मशीनवर कुणाचा जॉब आहे, किती ऑपरेटर आहेत, आपला माल कुठल्या कोपऱ्यात आहे, हे दहा मिनिटांत दिसतं. पुष्कळदा असं दिसतं की माणूस प्रामाणिक आहे पण त्याने झेपणार नाही एवढं काम घेतलंय, कारण ‘नाही’ म्हटलं तर ग्राहक जाईल असं त्याला वाटतं. त्याला तिथेच सरळ विचारा: ‘साहेब, आमच्या आठ पार्टपैकी कुठले पार्ट तुम्हाला नीट जमतात? तेवढेच ठेवूया.’ हे विचारल्यावर सुटकेचा श्वास सोडणारे मालक मी बघितले आहेत. उरलेले पार्ट दुसरीकडे न्या, आणि दुसरा व्हेंडर तयार होईपर्यंत पहिल्याला अंधारात ठेवू नका. एमआयडीसीत अशी बातमी चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत पोचते, तुमच्या तोंडून आधी गेलेली बरी.

पार्ट हलवायचे ठरलं की पहिलं काम म्हणजे आपल्या वस्तूंची यादी. फिक्स्चर, गेज, डाय, पॅटर्न अशी आपली साधनं आणि साचे, आणि जॉबवर्कला (आपलं मटेरियल देऊन करून घेतलेल्या कामाला) दिलेला बार किंवा शीट त्याच्याकडे किती आहे, याची सही घेऊन खात्री करा. जॉबवर्कच्या चलनावर गेलेलं मटेरियल जीएसटीप्रमाणे एका वर्षाच्या आत परत यावं लागतं, नाहीतर ते पाठवलं त्या दिवशीच विकलं असं धरतात. म्हणून अकाउंट्स त्याची आठवण करून देतं. डाय, जिग आणि फिक्स्चरला ही मुदत नाही, त्यामुळे त्यांची आठवण कुणीच करून देत नाही आणि ते वर्षानुवर्षं तिथेच गंजतात. प्रत्येकावर कंपनीचं नाव आणि नंबर पंच केलेला असावा. नसेल तर हिशेबाचं शेवटचं बिल सोडण्याआधी ते करून घ्या, आणि फिक्स्चर गाडीत चढल्याचा फोटो स्टोअरला पाठवा.